बचावपटू : मुंबई व गोव्यातील फुटबॉल

फुटबॉलच्या खेळात गोलरक्षकाच्या पुढे उभे राहून प्रतिपक्षाची चढाई मोडून काढणाऱ्या खेळाडूस बचावपटू म्हणतात. गोल करणाऱ्याचे नाव धावफलकावर व वृत्तपत्रांत येते. गोल होऊ न देणाऱ्याचे सहसा येत नाही. त्यामुळे भारतीय फुटबॉलच्या इतिहासात आघाडीच्या खेळाडूंची माहिती जेवढी विपुल आहे, तेवढी बचावफळीची नाही. मुंबई व गोवा येथील बचावपटूंच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. कारण १९६० च्या सुमारास आशियात अग्रेसर ठरलेल्या भारतीय संघाच्या मागील दोन फळ्यांत मुंबईच्या कार्यालयीन संघांतून आलेले खेळाडू होते.

बचावपटूचे काम नियमांच्या व व्यूहरचनेच्या फेरफारांबरोबर बदलत गेले. जुन्या पद्धतीत दोन फुलबॅक, तीन हाफबॅक व पाच आघाडीचे खेळाडू अशी मांडणी असे. दोन्ही फुलबॅक मैदानाच्या मध्याजवळ राहत आणि बगलेच्या आघाडीपटूंना अडविण्याचे काम दोन्ही कडांचे हाफबॅक करीत. १९२५ साली ऑफसाइडचा नियम बदलला. तोवर आघाडीपटू व गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिपक्षाचे किमान तीन खेळाडू असणे आवश्यक होते, ती संख्या दोनवर आली. आघाडीला मोकळीक मिळाली, गोलांची संख्या वाढली आणि तिला आवर घालण्यासाठी मधल्या हाफबॅकला मागे खेचून तिसरा बचावपटू करण्यात आला. फुलबॅक आता कडांकडे सरकले. इंग्लंडमध्ये रूढ झालेली ही रचना ‘डब्ल्यू-एम’ या नावाने ओळखली जाते. हंगेरीने १९५३ मध्ये वेंब्लीच्या मैदानावर इंग्लंडचा ६–३ असा पराभव करून या रचनेतील दुबळेपणा उघड केला, तर ब्राझीलने १९५८ च्या विश्वचषकात चार बचावपटूंची पद्धत यशस्वी करून दाखविली. भारतात हे बदल उशिरा, परंतु थोड्या वर्षांत एकापाठोपाठ एक असे येऊन थडकले.

स्वातंत्र्योत्तर काळातील पहिल्या, म्हणजे १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून केवळ २–१ असे हरले. या संघाचे नेतृत्व हाफबॅक तालिमेरेन आओ यांच्याकडे होते. मूळचे त्रावणकोरचे व नंतर मुंबईत टाटा संघाकडून खेळलेले फुलबॅक तिरुवल्ला पापन (टी. एम. व्हर्गीस) यांचीही या पथकात निवड झाली होती. अनवाणी खेळाचे कौतुक फार झाले; मात्र त्याची किंमत मोजावी लागली ती बचावफळीस. ओल्या हिरवळीवर बूट घातलेल्या आघाडीपटूस अनवाणी पायाने रोखणे किती अवघड असते, हे १९५२ साली हेलसिंकी येथे यूगोस्लाव्हियाने भारतावर दहा गोल केले तेव्हा दिसून आले. त्यानंतर भारतीय फुटबॉल महासंघाने बूट वापरणे सक्तीचे केले.

दुसरा धडा रशियाकडून मिळाला. १९५५ मध्ये सोव्हिएट संघ भारतात खेळून गेला आणि त्याच वर्षी भारतीय संघाने रशियाचा परतदौरा केला. १६ सप्टेंबर १९५५ रोजी मॉस्को येथे भारताचा ११–१ असा पराभव झाला. भारताच्या राष्ट्रीय संघाचा तो आजवरचा सर्वांत मोठा पराभव होय. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम (१९०९–६३) यांनी शारीरिक क्षमता, जागा राखून खेळणे व बचाव आणि आघाडी यांतील दुवा यांवर पुढील सात वर्षे जो भर दिला, त्याची पार्श्वभूमी अशा पराभवांची होती. मेलबर्न ऑलिंपिकमध्ये (१९५६) भारत चौथा आला. तेथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारे मुंबईचे नेव्हिल डिसूझा सर्वश्रुत आहेत.

मुंबईचे फुटबॉल या काळात कार्यालयांच्या आधारावर उभे होते. लष्करी पलटणींच्या काळापासूनची रोव्हर्स करंडक स्पर्धा (१८९१) तेथील कूपरेज मैदानाचे भूषण होती. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स हा ती जिंकणारा पहिला भारतीय संघ ठरला. पलटणी गेल्या आणि त्यांची जागा टाटा, कॅलटेक्स, रेल्वे, बँका व मफतलालसारख्या गिरणी-उद्योगांनी घेतली. खेळाडू कागदोपत्री हौशी असे. पगार कारकुनाचा, सराव सकाळी व सामना दुपारी. केरळ, आंध्र, म्हैसूर व गोवा येथील तरुण नोकरीच्या ओढीने मुंबईत येत. गोव्यात हा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धर्मगुरूंच्या शाळांतून रुजला होता. मुंबईतील गोवेकरांनी गावोगावच्या कुडांबरोबर (गावकीच्या वसतिगृहांबरोबर) तो धोबी तलाव, माझगाव, वांद्रे या वस्त्यांत आणला. सर्वार्थाने मुंबईकर असलेली ही बचावफळी जन्माने मात्र बहुधा बाहेरची होती.

ओ. चंद्रशेखर मेनन (१० जुलै १९३५–२४ ऑगस्ट २०२१) हे तिच्यातील प्रमुख नाव. त्यांचा जन्म केरळमधील इरिंजालकुडा येथला. १९५८ मध्ये ते मुंबईच्या कॅलटेक्स संघात दाखल झाले आणि त्याच वर्षी कॅलटेक्सने रोव्हर्स करंडक जिंकला. उजव्या फुलबॅकच्या जागी खेळणारे चंद्रशेखर १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारतीय संघात होते. भारताच्या गटात हंगेरी, फ्रान्स व पेरू हे देश होते. हंगेरीविरुद्ध भारत १–२ असा हरला, फ्रान्सशी १–१ अशी बरोबरी झाली आणि पेरूविरुद्ध १–३ असा पराभव पदरी आला. हंगेरीकडून फ्लोरिआन आल्बेर्ट खेळत होते. पुढे १९६७ साली ते यूरोपातील सर्वोत्कृष्ट फुटबॉलपटू ठरले. अशा आघाडीसमोर दोनच गोल होऊ देणे ही पाच वर्षांपूर्वीच्या मॉस्कोच्या तुलनेत लहान गोष्ट नव्हती. ऑलिंपिकमधील फुटबॉलमध्ये भारताचा सहभाग रोमनंतर पुन्हा घडलेला नाही.

फॉर्चुनातो फ्रँको (१९३७–१० मे २०२१) हे गोव्याच्या बार्देस तालुक्यातील कोलवाळ गावचे. ते मुंबईत वाढले व टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळले. त्यांची जागा उजव्या हाफबॅकची, म्हणजे प्रतिपक्षाचा चेंडू हिसकावून घेऊन तो आघाडीकडे पोचविण्याची. रोमच्या पथकात ते होते, परंतु तेथे त्यांना मैदानात उतरण्याची संधी मिळाली नाही. ती दोन वर्षांनी जाकार्ता येथे मिळाली.

१९६२ च्या आशियाई क्रीडास्पर्धेतील भारताच्या सुवर्णपदकाची हकीकत अनेकदा सांगितली गेली आहे. परंतु ती मूलतः मोडकळीस आलेल्या बचावफळीची कथा आहे, हे क्वचितच लक्षात घेतले जाते. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २–० असे हरविले. नंतर थायलंडवर ४–१ असा विजय मिळाला, परंतु त्या सामन्यात मुख्य बचावपटू जर्नेल सिंग यांच्या डोक्याला मोठी दुखापत होऊन टाके घालावे लागले. जपानवर २–० असा विजय मिळवून भारताने उपांत्य फेरी गाठली. जखमी बचावपटूस बचावात खेळविणे धोक्याचे होते, कारण तेथे उंच चेंडू डोक्यानेच परतवावे लागतात. रहीम यांनी जर्नेल सिंग यांना विश्रांती न देता आघाडीच्या मध्यभागी उभे केले आणि मागची जबाबदारी उरलेल्यांत वाटून दिली. हा निर्णय विलक्षण धाडसाचा होता. त्यातील अर्धे धाडस आघाडीतील बदलाचे, तर अर्धे मागे राहिलेल्यांवर टाकलेल्या विश्वासाचे होते. परंतु श्रेय मात्र बहुतेक सारे पहिल्या अर्ध्यालाच मिळाले. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएटनामविरुद्ध ३–२ अशी निसटती सरशी झाली.

अंतिम सामना ४ सप्टेंबर १९६२ रोजी सेनायन मैदानावर पुन्हा दक्षिण कोरियाशीच झाला. इस्राएल व तैवान यांना यजमानांनी वगळल्याबद्दल भारतीय क्रीडाधुरीण गुरुदत्त सोंधी यांनी आक्षेप घेतला होता. त्यामुळे इंडोनेशियन प्रेक्षक संतप्त होते आणि भारतीय संघाची सतत हुर्यो चालू होती. त्या गर्दीत भारताची बाजू घेणाऱ्यांमध्ये पाकिस्तानचा हॉकी संघ होता. प्रदीप कुमार बॅनर्जी यांनी पहिला व जर्नेल सिंग यांनी, टाके घातलेल्या डोक्यानेच, दुसरा गोल केला. कोरियाला अखेरपर्यंत एकाच गोलावर समाधान मानावे लागले. चुनी गोस्वामी यांच्या नेतृत्वाखालील या सुवर्णविजेत्या पथकात चंद्रशेखर व फ्रँको हे मुंबईचे दोघेही होते. आशियाई क्रीडास्पर्धेत भारतास फुटबॉलचे सुवर्णपदक त्यानंतर मिळालेले नाही.

पुढील वर्षी, १९६३ मध्ये, महाराष्ट्राने संतोष करंडक जिंकला. चंद्रशेखर त्या संघाचे कर्णधार होते. १९५४ चे विजेतेपद जुन्या मुंबई राज्याच्या नावावर असल्याने महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीनंतरचे हे पहिलेच यश होते. त्यानंतर ते १९९० व १९९९ मध्ये पुन्हा लाभले. १९६४ साली इस्राएलमध्ये झालेल्या आशिया चषकात भारत उपविजेता ठरला, त्या संघातही चंद्रशेखर होते. पुढे ते स्टेट बँक ऑफ इंडियाच्या संघातून खेळले. फ्रँको यांची कारकीर्द मात्र गुडघ्याच्या दुखापतीने अकाली, तिशी गाठण्यापूर्वीच संपली.

जाकार्ताच्या बचावफळीपैकी जर्नेल सिंग यांना १९६४ मध्ये व अरुण घोष यांना १९६५ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. गोलरक्षक पीटर थंगराज यांना तो १९६७ मध्ये मिळाला. चंद्रशेखर व फ्रँको यांची नावे त्या यादीत नाहीत. दोघेही २०२१ या एकाच वर्षी निधन पावले.

समकालीन रशियन बचावपटूशी त्यांची तुलना उद्बोधक आहे. मॉस्कोचे आल्बेर्ट शेस्तेर्न्योव्ह (१९४१–९४) यांनी १९५९ ते १९७२ ही आपली सारी कारकीर्द सैन्यदलाच्या सी. एस. के. ए. या एकाच संघात घालविली. सोव्हिएट संघाकडून ते ९० सामने खेळले व दीर्घकाळ त्याचे कर्णधार होते. १९६६ च्या विश्वचषकात त्यांचा देश चौथा आला. १९७० मध्ये त्यांच्या संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळविले व ते वर्षातील सर्वोत्कृष्ट सोव्हिएट खेळाडू ठरले. १९६८ च्या यूरोपीय स्पर्धेत इटलीविरुद्धचा उपांत्य सामना गोलशून्य राहिला, तेव्हा निकाल नाणेफेकीने लावण्यात आला आणि कर्णधार शेस्तेर्न्योव्ह ती हरले. दोन तास गोल होऊ न देणाऱ्या बचावपटूच्या वाट्याला याहून क्रूर निकाल क्वचितच आला असेल. रशियातही खेळाडू कागदोपत्री व्यावसायिक नव्हता : डायनॅमो हा गृहखात्याचा, लोकोमोटिव्ह रेल्वेचा, टॉर्पेडो मोटार कारखान्याचा संघ. मुंबईच्या टाटा, कॅलटेक्स, रेल्वे यांचा नमुना वरवर पाहता तोच होता. भेद असा की, तेथे खेळ हेच खेळाडूचे खरे काम असे व राज्यसंस्था त्यामागे उभी असे. मुंबईत खेळ हा नोकरीचा एक अलंकार होता, व्यवस्थापनाची इच्छा असेतो टिकणारा.

ही इच्छा फार काळ टिकली नाही. कॅलटेक्सचा भारतातील व्यवसाय १९७६ मध्ये सरकारने ताब्यात घेतला व १९७८ मध्ये तो हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये विलीन झाला. १९६५ चा रोव्हर्स करंडक जिंकणाऱ्या मफतलालसारखे संघ कापडधंद्याच्या पडत्या काळात मागे पडले. खुद्द रोव्हर्स स्पर्धा २००१ नंतर बंद झाली. महिंद्र युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली होती. त्या वेळी संघाचे प्रशिक्षक असलेले डेरिक परेरा स्वतः गोव्याचे नावाजलेले बचावपटू होते. तोही संघ २०१० मध्ये विसर्जित करण्यात आला. याउलट कोल्हापुरातील पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल इ. तालीम मंडळांचे संघ पेठेच्या अभिमानावर उभे असल्याने टिकून राहिले. त्यांना राष्ट्रीय पातळीचे यश लाभले नाही, पण शाहू स्टेडियमवरील त्यांच्या सामन्यांना प्रेक्षकांची वाण कधी पडली नाही.

खऱ्या अर्थाने व्यावसायिक बचावपटू निर्माण झाला तो गोव्यात. साळगावकर, धेंपो या खाणमालकांच्या व पुढे चर्चिल ब्रदर्स या संघांनी खेळाडूंशी करार करण्याची पद्धत रूढ केली. महेश गवळी (जन्म १९८०) हे या पिढीचे प्रतिनिधी होत. जमशेटपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीत तयार झालेले गवळी चर्चिल ब्रदर्स, ईस्ट बेंगॉल, महिंद्र युनायटेड व धेंपो या संघांकडून खेळले. २००३ मध्ये आसिआन क्लब स्पर्धा जिंकणाऱ्या ईस्ट बेंगॉल संघात ते होते. तिचा अंतिम सामनाही जाकार्ता येथेच झाला. धेंपोने २००७-०८, २००९-१० व २०११-१२ या वर्षांत आय-लीग जिंकली, तेव्हा गवळी यांच्याबरोबर समीर नाईक हे दुसरे गोवेकर बचावपटू त्या संघात होते. २००८ चा ए. एफ. सी. चॅलेंज चषक जिंकून भारत २०११ च्या आशिया चषकास पात्र ठरला. तब्बल सत्तावीस वर्षांनी मिळालेल्या या प्रवेशानंतर कतारमधील त्या स्पर्धेच्या संघातही गवळी होते. निवृत्तीनंतर ते राष्ट्रीय संघांच्या प्रशिक्षणकार्यात सहभागी झाले. साळगावकर व धेंपो हे संघ २०१६ मध्ये आय-लीगमधून बाहेर पडले.