हळद, गुळवेल, ग्रीन टी : नसांचं आवरण झाडपाल्याने वाचतं का?

जानेवारी 2025 मध्ये पुण्यातल्या सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गिया-बारे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे रुग्ण सापडू लागले. काही आठवड्यांत आकडा 200 च्या पुढे गेला. दूषित पाण्याकडे बोट दाखवलं गेलं आणि रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू मिळाला. शिरवळहून पुणं महामार्गाने तासाभरावर, त्यामुळे धास्ती इथपर्यंत पोहोचायला वेळ लागला नाही. आणि नसांच्या आजाराचं नाव निघालं की मोबाइलवर हळदीचे, गुळवेलीचे, अश्वगंधाचे उपाय येतातच.

या उपायांत तथ्य किती?

आवरण कसलं?

विजेच्या वायरीवर प्लास्टिक असतं, तसं आपल्या अनेक मज्जातंतूंवर मायलिन नावाचं चरबीयुक्त वेष्टण असतं. ते शाबूत असेल तर संदेश सेकंदाला 100 मीटरपर्यंतच्या वेगाने धावतो. ते खराब झालं की संदेश रेंगाळतो किंवा वाटेतच थांबतो. मग मुंग्या येतात, तोल जातो, नजर धूसर होते, हातापायातली ताकद जाते.

जीबीएसमध्ये हात, पाय आणि चेहऱ्याकडे जाणाऱ्या नसांवर हल्ला होतो. बऱ्याच रुग्णांत त्यांचं मायलिनच सोललं जातं. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएसमध्ये मेंदू आणि मज्जारज्जूतलं मायलिन जातं. दोन्हींत हल्ला करणारी असते आपलीच रोगप्रतिकारशक्ती. पुढचं सगळं समजायला ही गोष्ट लक्षात असू द्या.

हळदीचं काय?

सातारा-सांगलीकरांना हळदीचं कौतुक नवं नाही. खंबाटकी घाट ओलांडला की वाईची हळद, पुढे सांगलीची मोठी बाजारपेठ. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. त्याआधी 1995 मध्ये जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट अमेरिकेत दिलं गेलं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआरने ते आव्हान देऊन 1997 मध्ये रद्द करायला लावलं. तेव्हा हळद गुणाची आहे यावर वाद नाही.

हळदीतल्या कर्क्युमिनवर मायलिनच्या आजारांसाठीही संशोधन झालं आहे. एमएससारखा आजार मुद्दाम निर्माण केलेल्या उंदरांना कर्क्युमिन दिल्यावर त्यांचा आजार सौम्य झाल्याचं 2002 मध्ये प्रसिद्ध झालं. फॉरवर्डमध्ये ‘शास्त्रज्ञांनीही मान्य केलं’ असं लिहिलेलं असतं, ते बहुतेकदा अशाच प्रयोगांच्या जोरावर.

माणसात मात्र गाडी अडते. हळदीत कर्क्युमिन साधारण 3 टक्के. चमचाभर, म्हणजे 3 ग्रॅम हळदीत सुमारे 90 मिलीग्रॅम. त्यातलंही फारच थोडं रक्तात उतरतं. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या 1998 च्या अभ्यासात 2 ग्रॅम कर्क्युमिनसोबत काळ्या मिरीतलं पिपेरिन दिल्यावर रक्तातलं प्रमाण 20 पटींनी वाढलं. ‘हळदीत मिरपूड घाला’ हा सल्ला तिथला. पण 2 ग्रॅम कर्क्युमिन म्हणजे वीस-बावीस चमचे हळद! शिवाय हेच पिपेरिन इतर औषधांचंही रक्तातलं प्रमाण वाढवू शकतं. एमएसच्या रुग्णांना चेहऱ्याच्या नसेच्या कळांसाठी दिलं जाणारं कार्बामाझेपिन त्यांपैकीच एक.

ग्रीन टीतला ईजीसीजी हा घटकही प्रयोगशाळेत आशादायक होता. जर्मनीत एमएसच्या 122 रुग्णांवर 18 महिने चाचणी झाली. नेहमीच्या औषधासोबत निम्म्यांना ईजीसीजी, निम्म्यांना बिनऔषधी गोळी. दोन्ही गटांत फरक दिसला नाही. अमेरिकेत एमएसच्या रुग्णांची विचारशक्ती सुधारते का हे पाहायला गिंको दिलं गेलं, तेही उपयोगी ठरलं नाही.

जेवणातल्या हळदीचा प्रश्नच नाही, ती खावी. पण कर्क्युमिनच्या जास्त मात्रेच्या कॅप्सूलमुळे यकृताला इजा झाल्याची प्रकरणं इटली आणि अमेरिकेत नोंदली गेली आहेत.

मग ‘काढ्याने बरा झाला’ असे अनुभव खोटे का?

खोटे असतीलच असं नाही. जीबीएसचे बहुतेक रुग्ण काही आठवडे ते महिन्यांत सुधारतात. एमएसचा झटकाही अनेकदा आपोआप ओसरतो. त्या काळात जे घेतलं असेल त्याला श्रेय मिळतं. म्हणून तर चाचणीत निम्म्यांना बिनऔषधी गोळी द्यावी लागते.

खरा धोका ‘इम्युनिटी वाढवा’ या सल्ल्यात आहे. जिथे रोगप्रतिकारशक्तीच नसांवर उलटली आहे, तिथे तिला आणखी चेतवायचं कशाला? मुंबईतल्या डॉक्टरांनी 2020 च्या अखेरीस गुळवेल घेणाऱ्या सहा जणांत यकृताची सूज पाहिली. तिचं स्वरूप स्वयंप्रतिकार आजारासारखं होतं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला; रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती का हे तपासलं नाही, असं त्यांचं म्हणणं. वाद काहीही असो, एमएसच्या रुग्णाने स्वतःच्या मनाने गुळवेल किंवा अश्वगंधा सुरू करू नये एवढं त्यातून नक्की घेता येतं.

निसर्गातून काहीच आलं नाही?

आलं की. फ्युमॅरिया या वनस्पतीवरून नाव पडलेल्या फ्युमॅरिक आम्लापासून बनलेलं डायमिथाइल फ्युमरेट जर्मनीत आधी सोरायसिससाठी वापरात होतं. एमएससाठी अमेरिकेत त्याला 2013 मध्ये मान्यता मिळाली. फिंगोलिमॉडचं मूळ कीटकांवर वाढणाऱ्या एका बुरशीत आहे. पण रेणू बदलून, मात्रा ठरवून आणि हजारो रुग्णांवर तपासून ही औषधं झाली. तीही हल्ला रोखतात; गेलेलं मायलिन पुन्हा चढवणारं सिद्ध औषध अजून बाजारात नाही.

शाकाहारी घरांसाठी एक गोष्ट याहून महत्त्वाची. मायलिन टिकवायला लागणारं बी-12 जीवनसत्त्व वनस्पतींत जवळपास नसतंच. त्याच्या कमतरतेनेही मायलिन जातं, तळपायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो. हे रक्ततपासणीत कळतं आणि वेळेत इंजेक्शनं किंवा गोळ्या मिळाल्या तर बरंचसं भरून येतं. काढ्यात महिने घालवले तर नुकसान कायमचं राहू शकतं.

शिरवळमधली दुसरी बाजू

शिरवळमध्ये क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. मायलिनचा आजार पशुवैद्यांनाही परिचित आहे, कारण कुत्र्यांतला डिस्टेंपर. गोवरच्या कुळातला हा विषाणू आधी ताप आणतो, डोळ्या-नाकातून पाणी येतं. मग काही आठवड्यांनी पाय झटकू लागतात, जबडा च्युइंगम चघळल्यासारखा हलतो. मेंदूतलं मायलिन गेलेलं असतं. माणसाच्या एमएसचा अभ्यास करणारे म्हणूनच या आजाराकडे लक्ष देतात. इथे संरक्षण आहे, आणि ते स्वस्तही आहे : पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं झालं की लसीकरण सुरू करायचं.

रुग्णालय कधी गाठायचं?

दोन्ही पायांतली ताकद काही तासांत किंवा दिवसांत कमी होत वर सरकत असेल, जिना चढता येत नसेल, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होत असेल, तर अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात त्याच दिवशी जा. जीबीएसमध्ये इम्युनोग्लोब्युलिनची इंजेक्शनं किंवा रक्तद्रव बदलण्याचा उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाला तर सर्वाधिक उपयोगी पडतो. एका डोळ्याची नजर अचानक धूसर झाली आणि डोळा हलवताना दुखत असेल, तर नेत्रतज्ज्ञांसोबत मेंदूविकारतज्ज्ञांनाही दाखवा. आधीपासून काही काढा, चूर्ण किंवा कॅप्सूल सुरू असेल तर तिचं पाकीट सोबत न्या.