मिरासदार आणि उपरी

धायरीत नव्या शेजाऱ्याशी ओळख झाली की ‘आपले मूळ गाव कोणते?’ हा प्रश्न हमखास येतो. कोणी सातारकडचा, कोणी नगरचा, कोणी मराठवाड्यातला. पुणे महानगरपालिकेत २०१७ साली जी अकरा गावे आली त्यांत धायरीचाही समावेश होता. तथापि येथे घर घेतलेला माणूसही पुष्कळदा आपले गाव दुसरेच सांगतो. ख्रिस्ती श्रद्धेचे काहीसे असेच आहे, असे आम्हांस वाटते.

पेशवाईतील दख्खनच्या खेड्यांत शेतकऱ्यांचे दोन वर्ग होते. मिरासदाराचा जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क असे. उपरी हा बाहेरून आलेला. तो कराराने जमीन कसत असे, पण तिच्यावर त्याचा वारसाहक्क नसे आणि गावच्या कारभारात मिरासदाराइतका मानही नसे.

संत पेत्राच्या पहिल्या पत्रात आशिया मायनरमधील ख्रिस्ती जनांना ‘पारोइकोस’ म्हटले आहे. नगरात राहणारा, परंतु नागरिकत्वाचे हक्क नसलेला, असा त्या ग्रीक शब्दाचा अर्थ. म्हणजे आपला उपरीच. इ. स. ९६ च्या सुमारास रोमहून करिंथला गेलेल्या संत क्लेमेंटच्या पत्रातही रोमची व करिंथची ख्रिस्तसभा आपापल्या नगरांत परक्यांप्रमाणे वास करते, असा उल्लेख आहे. याच मुळापासून ‘पॅरिश’ हा शब्द आला. आपण त्याला ‘धर्मग्राम’ म्हणतो. मराठी शब्दात गाव वसले आहे, मूळ शब्दात मात्र माणूस अजून वाटेवर आहे.

पुण्यातील कॅथलिक समाजाचा आरंभही उपऱ्यांपासूनच झाला. पेशव्यांच्या सैन्यात गोव्याकडील कॅथलिक होते. त्यांच्या उपासनेसाठी सवाई माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत, १७९२ साली, जागा देण्यात आली. क्वार्टर गेटजवळचे सिटी चर्च ते हेच. अवघ्या ५३ वर्षांपूर्वी, १७३९ साली, मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकून घेतली होती. ज्यांच्याशी रणात गाठ पडली त्यांच्याच धर्माच्या माणसांना पुण्याने जागा दिली, हे आपण कृतज्ञतेने स्मरावे.

परंतु जो याच मातीत जन्मला त्याने काय करावे? रेव्हरंड नारायण वामन टिळक पंथाने प्रॉटेस्टंट. तरी हा प्रश्न त्यांच्याइतका फार थोड्यांनी सोसला असेल. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि स्वतःचे घरच त्यांना पारखे झाले. पत्नी लक्ष्मीबाई १९०० साली ख्रिस्ती झाल्या. मधल्या वर्षांतील दुराव्याचे वर्णन त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आहे. पुढे मिशनच्या विदेशी चौकटीतही टिळकांचा जीव रमेना. १९१७ साली तिच्यातून बाहेर पडून त्यांनी सातारा येथे ‘देवाचा दरबार’ उभारला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही स्थान होते. १९१९ साली ते निवर्तले. ख्रिस्तभक्तीचे त्यांचे अभंग मात्र मराठी उपासनेत रुजले.

टिळकांच्या जीवनात दोन प्रकारचे परकेपण दिसते. एक श्रद्धेतून येते : या जगातील कोणतेही घर, मान वा सत्ता अंतिम नव्हे, ही जाणीव. दुसरे माणसे एकमेकांवर लादतात, अथवा पेहराव, भाषा व रीतिभाती यांच्या भिंती घालून आपण स्वतःच ओढवून घेतो. पहिले जपावयाचे आहे, दुसरे दूर करावयाचे आहे. आपली गल्लत होते ती येथे. शेजाऱ्यांपासून अलिप्त राहण्याला आपण वैराग्य म्हणतो आणि अंगी मिरासदारी भिनली की तिला स्थैर्य!

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्तसभेला यात्रेकरू म्हटले आणि १९६५ साली मानवजातीचे सुखदुःख हेच ख्रिस्तशिष्यांचे सुखदुःख होय, अशी शिकवण दिली. या दोन विधानांत विरोध नाही. उपरीही जमीन कसतच असे, आणि त्याने पिकविलेले धान्य साऱ्या गावाच्या पोटात जात असे.

म्हणून धायरीतील ख्रिस्ती कुटुंबाने सोसायटीच्या सभेला जावे, पाण्याच्या टँकरच्या हिशेबात लक्ष घालावे आणि शेजारच्या घरी दुःख झाले तर आधी पोहोचावे. बांधकामावर नव्याने आलेल्या मजुराला मात्र त्याने गावकऱ्याच्या तोऱ्याने मूळ गाव विचारू नये. आपणही येथे कराराने राहतो, हे ओळखून विचारावे.