उतरती बोली: ‘शिपिंग वॉर्स’ आणि अमेरिकेतील ट्रक वाहतुकीचा इतिहास

‘शिपिंग वॉर्स’ हा रिअॅलिटी शो जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकेतील ए अँड ई वाहिनीवर सुरू झाला. नेहमीच्या वाहतूक कंपन्या सहसा घेत नाहीत असा अवजड, नाजूक किंवा विचित्र आकाराचा माल ‘यूशिप’ या संकेतस्थळावर नोंदवला जातो आणि स्वतंत्र ट्रकवाले त्यावर बोली लावतात. लिलावात बोली चढते. इथे ती उतरते. काम मिळाले की प्रवास, अडचणी, माल पोहोचवणे आणि शेवटी पडद्यावर जमाखर्च.

हा खेळ १९८० पूर्वी कायदेशीररीत्या जवळजवळ अशक्य होता. महामंदीच्या काळात दरयुद्धाने वाहतूकदार बुडू लागले, रेल्वे कंपन्यांनाही ट्रकची स्पर्धा नको होती. म्हणून १९३५ च्या मोटार कॅरियर कायद्याने आंतरराज्य ट्रक वाहतूक आंतरराज्य वाणिज्य आयोगाच्या नियंत्रणाखाली आणली. कोणता माल, कोणत्या मार्गाने न्यायचा हे परवान्यात ठरलेले असे. नव्या वाहतूकदाराला आपली गरज सिद्ध करावी लागे आणि जुने वाहतूकदार त्यावर हरकत घेत. परतीचा माल नेण्याची मुभा नसेल, तर ट्रक रिकामा परते. दर वाहतूकदारांच्या संघटना एकत्र बसून ठरवत. १९४८ मध्ये संसदेने राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांचा नकाराधिकार डावलून या प्रथेला मक्तेदारीविरोधी कायद्यांतून सूट दिली.

प्रक्रिया न केलेला शेतमाल मात्र नियंत्रणातून वगळलेला होता. मग शेतमाल म्हणजे नेमके काय? सोललेली, गोठवलेली कोंबडी हा शेतमालच, असा निर्णय १९५६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला! नियंत्रणाची व्यवस्था किती बारकाव्यांत अडकली होती, हे समजायला एवढे एक उदाहरण पुरेसे आहे.

१ जुलै १९८० रोजी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी नव्या मोटार कॅरियर कायद्यावर स्वाक्षरी केली. परवाने सहज मिळू लागले, दर मोकळे झाले आणि दहा वर्षांत परवानाधारक वाहतूकदारांची संख्या दुपटीहून अधिक झाली. १९९५ च्या अखेरीस आयोगच बंद झाला. २००३ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन येथे यूशिपची स्थापना झाली, ती या मोकळ्या बाजारात.

ग्राहकाला याचा लाभ झाला, यात वाद नाही. ट्रकचालकाचे काय झाले, हे मालिकेतून कळत नाही. कामगार अर्थतज्ज्ञ मायकेल बेल्झर यांनी ‘स्वेटशॉप्स ऑन व्हील्स’ (२०००) या ग्रंथात नियंत्रणमुक्तीनंतर चालकांचे खरे वेतन घसरल्याचे आणि कामाचे तास लांबल्याचे दाखवले आहे. विद्यार्थ्यांनी भागाच्या शेवटी दिसणारा ‘नफा’ या दृष्टीने तपासावा. मालक स्वतःच चालक असेल, तर त्याची मजुरी, ट्रकची झीज आणि माल चढवण्या-उतरवण्यासाठी ताटकळण्यात गेलेले तास हे सारे त्याच आकड्यातून भागवायचे असते.