परसातल्या कोंबड्यासाठी हातकुऱ्हाड : निवड आणि धार

गोव्याच्या खेड्यांत परसातला गावठी कोंबडा घरीच कापण्याची रीत अजून टिकून आहे. त्यासाठी बहुधा हाताशी असेल तो कोयता उचलला जातो. पण झावळ्या तोडून धार गेलेल्या कोयत्याने मान एका घावात तुटत नाही. दुसरा-तिसरा घाव घालावा लागतो, आणि ते हाल निव्वळ हत्याराच्या हयगयीमुळे होतात. शिवाय कोयत्याचे पुढे वळलेले टोक ओंडक्यावर आधी टेकते व उरलेली धार अधांतरी राहते. या कामाला लहान हातकुऱ्हाड अधिक सोयीची. (हलाल पद्धतीने कापायचे असल्यास मात्र सुरीच लागते.)

कुऱ्हाडीचे पाते अर्धा ते पाऊण किलो वजनाचे आणि दांडा सुमारे फूटभर लांबीचा असावा. त्याहून जड हत्याराने नेम चुकतो. धारेची कड जवळजवळ सरळ हवी. फार गोलावा असल्यास मधला भाग लाकडात रुततो आणि कडेची कातडी तुटायची राहते. दांड्याच्या लाकडाच्या रेषा पात्याला समांतर आहेत ना, तेही पाहावे. आडव्या रेषांचा दांडा मोडतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा गावच्या लोहाराकडे कुऱ्हाड घेताना पोलादाला पाणी नीट दिले आहे का, हे कानशीने पारखता येते. धारेवर कानस लोण्यासारखी चालली तर पोलाद मऊ. अजिबात न धरता घसरली तर ते अतिकडक, म्हणजे हाडावर कपची उडण्याची भीती.

धार लावण्याचे काम घाईचे नाही. काटकोनाचा अर्धा 45 अंश आणि त्याचा अर्धा साडेबावीस. दगड पात्याशी त्याहून किंचित कमी, म्हणजे 20 अंशांच्या आसपास धरावा. लाकूड फोडण्याच्या कुऱ्हाडीला इतकी बारीक धार टिकत नाही, कोंबडीच्या मानेला ती पुरते. खाचा पडल्या असतील तर आधी कानस फिरवावी, तीही केवळ पुढे रेटताना. मागे आणताना उचलावी. मग कुरुंदाचा दगड पाणी लावून फिरवावा. एका बाजूने घासत गेले की पलीकडच्या कडेवर बोटाला बारीक खरखर लागते. ती संपूर्ण लांबीभर जाणवल्याखेरीज बाजू बदलू नये. बहुतेकांची धार इथेच कच्ची राहते. शेवटी बारीक दगड आणि चामड्याचा पट्टा. विजेच्या चाकावर पाते तापून निळे पडले की पोलादाचे पाणी उतरते आणि तेवढी धार पुन्हा कायमची मऊ होते. धार तपासण्यासाठी अंगठा धारेवरून ओढू नये. उभा धरलेला कागद सहज चिरला की धार लागली.

ओंडका चिंचेचा उत्तम. त्यावर मान अडकेल इतक्या अंतरावर दोन खिळे ठोकले की मान जागेवर राहते आणि दुसरा हात धारेपासून दूर ठेवता येतो. मान तुटल्यावर कुऱ्हाड बाजूला ठेवावी. सांधे सुरीने सोडवावेत. कुऱ्हाडीने तोडलेल्या हाडाचे बारीक तुकडे रश्श्यात उतरतात आणि घशाला टोचतात.

पाते आधी थंड पाण्याने धुवावे, कारण गरम पाण्याने रक्त चिकटून बसते. नंतर साबण व ऊन पाणी. कोरडे पुसून खोबरेल तेलाचा हात फिरवावा. पावसाळ्यात एवढे केले नाही तर दोन रात्रींत गंज चढतो.