जोशी, जी. एन.

(६ एप्रिल १९०९ – २२ सप्टेंबर १९९४). मराठी भावगीतगायक, संगीतकार व ध्वनिमुद्रणतज्ज्ञ. पूर्ण नाव गोविंद नारायण जोशी. जन्म कापसाच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेल्या खामगाव (जि. बुलढाणा) येथे. कायद्याची पदवी घेऊनही त्यांनी आयुष्य वाहिले ते गाण्याला.

त्या काळी मराठी ध्वनिमुद्रिकांवर नाट्यपदे, शास्त्रीय गायन व भजने यांचे प्राबल्य होते. जोशी यांनी समकालीन कविता निवडली, तिला स्वतः चाल लावली आणि ती स्वतः गायिली. १९३० च्या दशकाच्या आरंभी ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ने काढलेली त्यांची ‘शीळ’ ही ध्वनिमुद्रिका अतिशय गाजली. पहिले मराठी भावगीत म्हणून तिचा सामान्यतः उल्लेख होतो. या गीताचे कवी ना. घ. देशपांडे हेही १९०९ सालीच जन्मलेले, बुलढाणा जिल्ह्यातील सेंदुरजनचे. मेहकरला त्यांनी वकिली केली. म्हणजे ज्या गीतापासून भावगीताचे युग मोजले जाते, त्याचा कवी आणि गायक दोघेही याच जिल्ह्याचे.

रानातून येणाऱ्या शिळेने व्याकूळ झालेल्या तरुणीचे मनोगत या गीतात आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मिळत. तेवढ्यात कविता पूर्ण पोहोचावी म्हणून तानांचा विस्तार आवरून शब्द ठसठशीत ठेवणे भाग होते. विद्युत ध्वनिमुद्रणामुळे रंगभूमीवरची बुलंद फेक अनावश्यक ठरली होती. हळुवार, खाजगी स्वरातले गाणे घराघरांत ऐकू येऊ लागले. गजानन वाटवे यांच्यासारख्या पुढच्या गायकांनी ही वाट रुंद केली.

जोशी यांची रसिकता एका प्रांताची वा एका शैलीची नव्हती. कन्नडभाषक गंगूबाई हनगल तेव्हा गांधारी हनगल या नावाने मराठी गीते मुद्रित करीत. त्यांच्याबरोबर जोशी यांनी गायिलेली ‘चकाके कोर चंद्राची’ व ‘फार नको वाकू’ ही द्वंद्वगीते लोकप्रिय झाली. पुढे ‘हिज मास्टर्स व्हॉइस’मध्येच ध्वनिमुद्रण अधिकारी म्हणून काम करताना अनेक घराण्यांच्या थोर कलावंतांचे गायन-वादन त्यांनी मुद्रित केले.

त्यांच्या निर्मितीतील सर्वांत दूरवर पोहोचलेली ध्वनिमुद्रिका म्हणजे ‘कॉल ऑफ द व्हॅली’ (१९६७). काश्मिरी मेंढपाळाचा एक दिवस तीत रागांच्या वेळांनुसार उलगडतो: सकाळी अहिर भैरव व नट भैरव, मग पिलू, भूप, देस आणि शेवटी पहाडी. काश्मीरचे संतूर (शिवकुमार शर्मा), हवाई बेटांकडून आलेली गिटार (ब्रिजभूषण काबरा) आणि बासरी (हरिप्रसाद चौरसिया) ही वाद्ये येथे रागसंगीताच्या शिस्तीत एकत्र नांदतात. पाश्चात्त्य श्रोत्यांनाही या ध्वनिमुद्रिकेने भारतीय संगीताची गोडी लावली.

आपल्या आठवणी त्यांनी ‘स्वरगंगेच्या तीरी’ या पुस्तकात लिहिल्या. ‘डाऊन मेलडी लेन’ (१९८४) हे त्यांचे इंग्रजी पुस्तक. गायक म्हणून मराठी कवितेला आणि निर्माता म्हणून भारतीय वाद्यसंगीताला नवा श्रोता मिळवून देणे, हे जोशी यांचे दुहेरी व चिरस्थायी कार्य होय.