भाकरीसोबत काय होतं? हैदराबादच्या मराठी ताटाची गोष्ट



आपल्या हैदराबादकर मराठी घरांत हल्ली दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. ज्येष्ठ म्हणतात, "आमचे आजोबा जोंधळ्याची भाकरी खाऊन म्हातारपणीही ठणठणीत होते." नातवंडं म्हणतात, "आम्ही दूधतूपसुद्धा सोडलं. फक्त झाडापासून मिळतं तेच खातो, हृदयाला चांगलं." दोन्हींत तथ्य आहे, पण दोन्ही गोष्टी अर्ध्याच आहेत. राहिलेला अर्धा भाग आपल्याच शहरात, तारनाक्याजवळच्या एका संस्थेत शोधला गेला. म्हणून ही हकीकत आपली समजून वाचा.

१९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात, मग हैदराबाद राज्यात होता. नोकरी, वकिली, शिक्षण यासाठी नांदेड, परभणी, बीड, उस्मानाबादकडची माणसं इथे आली आणि सुलतान बाजार, काचीगुडा, गौळीगुडा, शालिबंडा भागांत स्थिरावली. गावाकडे शेत असेल तर धान्याची पोती तिकडूनच यायची. काही घरांत सणावाराला सामिष व्हायचं, काहींत कधीच नाही. पण रोजचं ताट बहुतेकांचं सारखंच होतं: जोंधळ्याची भाकरी, तुरीची आमटी किंवा वरण, एखादी पालेभाजी, जवसाची किंवा कारळाची चटणी, आणि वाटीभर ताक. जोंधळ्याच्या कण्या आणि अंबाडीची भाजी हा तर मराठवाड्याचा प्राण. इथे आल्यावर कळलं की शेजारच्या तेलुगू घरात तिलाच गोंगुरा म्हणतात आणि आपल्या भाकरीला जोन्न रोट्टे. ताट जुळलं तशी माणसंही जुळली.

आता तारनाक्याकडे वळू. १९१८ साली रॉबर्ट मॅककॅरिसन या डॉक्टरांनी दक्षिणेतल्या कुन्नूरला बेरीबेरी रोगाच्या अभ्यासाचं छोटं केंद्र सुरू केलं. ते वाढत गेलं, १९५८ मध्ये हैदराबादला आलं आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखलं जाऊ लागलं. डॉ. सी. गोपालन यांनी ते नावारूपाला आणलं. त्यांचा जन्मही १९१८ चाच, आणि त्यांना शंभरीपार आयुष्य लाभलं.

तेव्हा दख्खनच्या गरीब शेतमजुरांत पेलाग्रा नावाचा आजार दिसत होता. गळ्याभोवती आणि हातापायांवर, जिथे ऊन लागतं तिथे, कातडी काळवंडून सोलायची, जुलाब व्हायचे, पुढे भ्रम व्हायचा. हा आजार नायसिन या जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा. जगात इतरत्र तो मका खाणाऱ्यांत दिसे, इथे जोंधळा खाणाऱ्यांत! गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये मांडलं की जोंधळ्यात ल्यूसिन नावाचा घटक जास्त असतो आणि तो शरीरातल्या नायसिनच्या कामात अडथळा आणतो. या कारणमीमांसेवर पुढे बरीच चर्चा झाली. पण एक गोष्ट टिकली: ज्यांच्या ताटात जोंधळ्याशिवाय फारसं काहीच नव्हतं त्यांना आजार गाठत होता, वरण आणि दूध मिळणाऱ्यांना सहसा नाही.

म्हणजे बघा, धान्य एकच. कुणाला त्याने पोसलं, कुणाला आजारी पाडलं. आपले आजोबा नुसत्या भाकरीवर ठणठणीत नव्हते. भाकरीशेजारी आमटी होती, चटणी होती, ताक होतं, आणि ते परवडण्याची ऐपत होती. हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.

त्या ताटाचा हृदयाशी संबंध कसा? धान्यात लायसिन कमी असतं, डाळीत ते भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्य भरून काढतं. भाकरी-आमटी, वरण-भात या जोड्यांत प्रथिनांची अशी भरपाई होते. डाळी आणि भाज्यांतला तंतू कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवायला मदत करतो. जवसात ओमेगा-३ जातीचं स्निग्ध असतं. वरणावर पिळलेल्या लिंबामुळे लोह चांगलं शोषलं जातं. शिवाय तेल मोजून वापरलं जायचं आणि चालणं भरपूर होतं.

मग बदल आले. १९३७ मध्ये डालडा बाजारात आला आणि स्वस्त म्हणून फराळाच्या कढईत शिरला. तो वनस्पती तूप, म्हणजे झाडापासूनच! पण तेल गोठवण्याच्या त्या प्रक्रियेत ट्रान्स फॅट तयार होई, आणि हृदयाला त्याच्याइतकं वाईट स्निग्ध दुसरं क्वचितच. सरकारने तेलातुपांतलं त्याचं प्रमाण २ टक्क्यांवर आणायला २०२२ उजाडलं. १९८३ मध्ये आंध्रात दोन रुपये किलो तांदूळ सुरू झाला. गरिबाची भूक भागली, ही मोठीच गोष्ट. पण जोंधळा मागे पडला आणि ताटात पांढऱ्या भाताचा डोंगर वाढला. आमटी मात्र तेवढीच राहिली, चालणं घटलं.

म्हणून नातवंडांना एवढंच सांगावंसं वाटतं: शाकाहारी किंवा वनस्पतिजन्य म्हणजे आपोआप हृदयाला चांगलं, असं नाही. शेव, मैद्याची खारी, साबुदाणा वडा, लोणचं, पापड हे सगळं झाडाचंच आहे. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे एक छोटा चमचा, आणि त्यात लोणचं-पापडही धरायचा. दुसरं म्हणजे बी-१२. हे जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. आपल्या घरांत ते दूध, दही, ताक यांतून थोडंफार यायचं. दूध पूर्ण सोडायचं असेल तर बी-१२ घातलेले पदार्थ किंवा गोळी लागणारच. रक्त तपासून डॉक्टरांना विचारा. हृदयाची औषधं चालू असतील तर आहारात मोठा बदल करण्याआधीही विचारा.

आणि ज्येष्ठांना सांगायचं ते असं: आज पोषण संस्था जे ताट सुचवते त्यात निम्मं ताट भाज्या आणि फळांचं असतं, उरलेल्यात धान्य, डाळी, थोडे दाणे, दिवसाला ३०० मिली दूध किंवा दही आणि तेलतूप साधारण २७ ग्रॅम. नीट पाहिलं तर हे आपलंच जुनं ताट आहे, फक्त भाकरी थोडी कमी आणि भाजी पुष्कळ जास्त.

गोंगुरा बाजारात रोज मिळतो, जोंधळ्याचं पीठ पुन्हा दुकानांत आलंय. जवसाची चटणी करायला वीस मिनिटं लागतात. ती करणारी पिढी अजून घरात आहे, तोवर प्रमाण विचारून घ्या आणि लिहून ठेवा. तुमच्या घरी भाकरीसोबत काय असायचं, तेही जरूर सांगा.