शाळेच्या वाट्याची जमीन

जमीन आणि शाळा यांचा संबंध आपल्याला नवा नाही. जुन्या मुंबई इलाख्यात १८६९ च्या कायद्याने शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा 'लोकल फंड' म्हणून घेतला जाई आणि त्याचा तिसरा हिस्सा शाळांकडे जाई. शेतकरी नांगर धरी, तेव्हा कुठे पंतोजींचा पगार निघे. परंतु जमीन सरकारचीच असेल आणि तिच्यावर कर बसवायला कोणाला मुभाच नसेल, तर त्या मुलखातील शाळा कशावर चालावी? या प्रश्नाशी सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ झगडत आलेला एक देश आहे. तो म्हणजे अमेरिकेची संयुक्त संस्थाने. त्याची हकिकत आपल्यालाही बोध घेण्यासारखी आहे.

अमेरिकेत सार्वजनिक शाळेचा खर्च मुख्यतः राज्य सरकार आणि स्थानिक लोक सोसतात. मध्यवर्ती सरकारचा वाटा साधारण एकदशांश. स्थानिक वाटा उभा राहतो तो घरादारावरच्या आणि जमिनीवरच्या पट्टीतून. ज्या गावात मालमत्ता मोठी, त्या गावची शाळा सधन. आता अडचण अशी की, त्या देशाच्या एकूण भूमीपैकी सुमारे ६४ कोटी एकर, म्हणजे चौथ्या हिश्शाहूनही जास्त जमीन मध्यवर्ती सरकारच्या मालकीची आहे. आणि या जमिनीवर राज्याला किंवा गावाला कर बसवता येत नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८८६ साली दिलेला आहे. ही जमीन देशभर सारखी पसरलेलीही नाही. पूर्वेकडच्या कनेक्टिकट राज्यात ती शेकडा एकही भरत नाही. पश्चिमेच्या नेवाडा राज्यात शेकडा ऐंशीच्या घरात आहे.

हा पेच पुढे पडणार याची थोडी जाणीव जुन्या लोकांना होती. स्वातंत्र्ययुद्ध नुकतेच संपले होते, खजिना रिकामा होता, जमीन मात्र अफाट होती. १७८५ च्या जमीन कायद्याने ठरले की, पश्चिमेकडील मुलखाची मोजणी करून सहा मैल लांब व सहा मैल रुंद असे चौकोन पाडायचे. अशा एका चौकोनास 'टाउनशिप' म्हणत. त्याचे ६४० एकरांचे ३६ तुकडे करायचे आणि त्यांपैकी १६ वा तुकडा त्या टाउनशिपमधील सार्वजनिक शाळेसाठी राखून ठेवायचा. रोकड नाही, तर जमीन घ्या, असा हा व्यवहार. मात्र ही जमीन ओसाड पडलेली नव्हती. ती तेथल्या मूळ रहिवाशांची होती, आणि करारांनी, दडपणाने व लढायांनी ती त्यांच्या हातून काढून घेतली गेली. शाळेच्या पुण्यकर्माच्या मुळाशी हे पाप आहे, ते झाकून हा इतिहास सांगता येत नाही.

१८०३ साली ओहायो राज्य झाले तेव्हापासून नव्या राज्यांना ही शाळेची जमीन मिळू लागली. पुढे पश्चिमेची कोरडी भूमी आली. एका तुकड्याच्या उत्पन्नावर तिथे शाळा उभी राहणार नाही हे दिसताच, १८४८ मध्ये ऑरेगॉनच्या प्रदेशासाठी दोन तुकडे राखले गेले. १८९६ मध्ये राज्य झालेल्या यूटाला आणि १९१२ मध्ये राज्य झालेल्या ॲरिझोना व न्यू मेक्सिकोला चार-चार मिळाले. जमीन जितकी भाकड, तितका वाटा मोठा, असा हा हिशेब होता.

हिशेब चांगला होता, पण तो राखणारे हात सगळीकडे चांगले नव्हते. नेवाडाचेच पाहा. त्याला दोन तुकड्यांच्या हिशेबाने सुमारे ३९ लाख एकर मिळायची होती. ती विखुरलेली, निर्जल, गिऱ्हाईक नसलेली. म्हणून १८८० मध्ये राज्याने काँग्रेसशी, म्हणजे तिकडच्या पार्लमेंटशी, सौदा केला: ती सोडतो, त्याऐवजी आमच्या पसंतीची २० लाख एकर द्या. ती मिळाली आणि बहुतेक सगळी विकूनही टाकली गेली. पाण्याकाठचे तुकडे गुराढोरांच्या मोठ्या मालकांनी उचलले. आज शाळेच्या नावे तिथे जेमतेम काही हजार एकर शिल्लक आहे. पीक खाल्ले तर पुढच्या वर्षी पुन्हा येते. शेतच विकून खाल्ले तर पुढच्या पिढीने काय खावे?

याहूनही दुःखद कथा मिसिसिपी राज्याच्या उत्तर भागाची आहे. तो मुलूख चिकासॉ लोकांचा. १८३२ च्या करारानुसार त्यांनी तो सोडला आणि विक्रीचे उत्पन्न त्यांनाच मिळायचे ठरले. त्यामुळे तिथे शाळेचा १६ वा तुकडा राखला गेला नाही. काँग्रेसने १८३६ मध्ये त्याऐवजी दुसरीकडची जमीन दिली. राज्याने ती जमीन विकली आणि आलेला पैसा १८५६ च्या सुमारास रेल्वे कंपन्यांना कर्जाऊ दिला. पाठोपाठ यादवी युद्ध आले, रेल्वे उद्ध्वस्त झाल्या, पैसा बुडाला. राज्य त्या बुडालेल्या मुदलावर ठराविक व्याज देत राहिले. मुले वाढली, महागाई वाढली, रक्कम तेवढीच राहिली. १९८४ मध्ये मिसिसिपीच्या इतर भागांत १६ व्या तुकड्याच्या उत्पन्नातून दर विद्यार्थ्यामागे सरासरी ७५ डॉलर ३४ सेंट मिळत होते. चिकासॉ मुलखातील शाळांना मिळत होते ६३ सेंट. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९८६ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की, बुडालेल्या ठेवीबद्दल राज्यावर दावा चालणार नाही; मात्र आज होणारी वाटणी विषम आहे, ही तक्रार चालू शकते. सव्वाशे वर्षांपूर्वी कोणीतरी केलेल्या सौद्याचा भुर्दंड पाटी हातात धरणाऱ्या मुलाने भरावा, असा हा प्रकार होता.

आता दुसरी बाजू पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारने जमीन विकण्याऐवजी राखायला सुरुवात केली. १८९१ च्या कायद्याने राखीव जंगले आली. जंगल राखणे योग्यच होते. पण ज्या काउंटीचा, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचा, निम्मा मुलूख जंगलात गेला, तिने पट्टी कोणाकडून घ्यायची? त्यावर १९०८ मध्ये तोड निघाली: राष्ट्रीय जंगलांच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा तेथील शाळा व रस्ते यांना द्यायचा. लाकूडतोड जोरात होती तोवर हे ठीक चालले. परंतु १९९० मध्ये तिथल्या एका जातीच्या घुबडाला कायद्याचे संरक्षण मिळाले, जुन्या अरण्यातील तोड न्यायालयांनी रोखली आणि १९९४ च्या वन योजनेनंतर ती फारच आटली. तोडीबरोबर शाळेचा वाटाही आटला.

इथे कामगार चळवळीतील माणसाला एक गोष्ट खटकते. झाड वाचवणारा, लाकूड तोडणारा मजूर आणि शाळेतले मूल या तिघांचे खरे भांडण काहीच नव्हते. झाडे पडल्याशिवाय मास्तरांचा पगार निघणार नाही, अशी व्यवस्था ज्यांनी बांधली, त्यांनी या तिघांना एकमेकांसमोर उभे केले. २००० साली काँग्रेसने कायदा करून, पूर्वीच्या भरभराटीच्या वर्षांचा हिशेब धरून ठराविक रक्कम द्यायचे ठरवले. पण त्या कायद्याला मुदत होती. मुदत संपे, शिक्षकांच्या नोकऱ्या टांगणीला लागत, मग केव्हातरी मुदतवाढ मिळे. मध्ये खंडही पडे.

लष्करी तळांबाबतही हेच. तळ आला की जमीन करातून सुटते आणि सैनिकांची मुले मात्र शाळेत येतात. म्हणून १९५० च्या कायद्याने अशा शाळांना मदत सुरू झाली. १९७६ मध्ये करमुक्त सरकारी जमिनीबद्दल काउंट्यांना करांऐवजी रक्कम देण्याचा आणखी एक कायदा झाला. पण ती रक्कम काउंटीच्या तिजोरीत पडते, ती शाळेलाच मिळेल असे नाही. आणि या साऱ्या मदतीचे प्रमाण काँग्रेस त्या त्या वर्षी किती तरतूद मंजूर करते यावर ठरते.

हक्क आणि मेहेरबानी यांतला फरक मुंबईच्या गिरणी कामगाराला समजावून सांगावा लागत नाही. १९२४ मध्ये बोनससाठी मोठा संप झाला, तेव्हा चौकशी समितीने सांगितले की, कामगारांना तो कायद्याने मागता येत नाही. १९६५ चा बोनस कायदा झाला, तेव्हा कुठे बक्षिसाचा हक्क झाला. अमेरिकेतील त्या शाळा अजून १९२४ मध्येच उभ्या आहेत.

मग सरकारने जमिनीच सोडून द्याव्यात काय? तशी मागणी आहे. यूटा राज्याने २०१२ मध्ये मध्यवर्ती सरकारच्या जमिनी राज्याला द्याव्यात असा कायदा केला आणि त्यासाठी शाळांच्या पैशाचे कारण आग्रहाने पुढे केले. २०२४ मध्ये ते राज्य जमिनींच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात गेले. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने तो दावा ऐकण्यास नकार दिला. मुलांचे नाव पुढे करून जमीन मागणाऱ्यांना नेवाडाची कहाणी विचारली पाहिजे. तिथे शाळेची जमीन राज्याकडेच होती. ती गेली कुठे?

माझ्या मते या इतिहासाचा निष्कर्ष असा की, जमीन सरकारची असल्याने शाळा बुडत नाही आणि खासगी झाल्याने तरत नाही. शाळेचा वाटा कायद्यात पक्का लिहिलेला आहे काय, त्याचे मुद्दल कोणाला हात लावता येणार नाही असे आहे काय, महागाईबरोबर तो वाढतो काय आणि त्याचा जमाखर्च गावाला पाहता येतो काय, हे चार प्रश्न खरे. सरकार जेव्हा जमिनीचे मालक असते, तेव्हा त्याने शेजारधर्म म्हणून नव्हे, तर मालक म्हणून आपली पट्टी भरली पाहिजे. सार्वजनिक कामासाठी घेतलेल्या जमिनीचा बोजा सर्व देशाने उचलावा. तो नेमका त्या जमिनीशेजारी जन्मलेल्या मुलांच्या माथी मारू नये. आपल्या गावाजवळ जेव्हा धरण, कारखाना किंवा राखीव जंगल येईल, तेव्हा नुकसानभरपाईच्या यादीत शाळेचे नाव आहे की नाही, हे आपणही विचारावे.